नव्या बॅटऱ्या, कडक ऊन, तरी चार्ज अर्धवट: २४ व्होल्टच्या एका ऑफ-ग्रिड घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर पूर्ण ऑफ-ग्रिड आहे, लाइन नाहीच, जे काय आहे ते छतावरचे पॅनल आणि खाली शेडमध्ये बॅटऱ्या. घर कोणाचं, कुठलं ते बाजूला ठेवू, आपल्याला फक्त सिस्टिमशी मतलब.

आधीची सिस्टिम १२ व्होल्टची होती. २७० वॅटचे चार पॅनल, प्रत्येकात ६० सेल, चारही पॅरललमध्ये जोडलेले (प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे करंटची बेरीज, व्होल्टेज एकाचंच), तिथून वायर खाली ५० अँपियरच्या एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी करून भरणारं यंत्र), आणि त्याच्यापुढे दोन जुन्या बॅटऱ्या. बरीच वर्षं व्यवस्थित चाललं. मग बॅटऱ्या गेल्या, त्याच वेळी घरात पंप आला, मोठा इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं, म्हणून एका फटक्यात सगळं २४ व्होल्टवर न्यायचं असा निर्णय झाला. निर्णय बरोबरच होता. व्होल्टेज दुप्पट की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, इन्व्हर्टरच्या वायर गरम होत नाहीत.

नव्या बॅटऱ्या म्हणजे १२ व्होल्ट २०० एएचच्या (अँपियर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) चार ट्युब्युलर, लेड-ॲसिडमधलाच एक प्रकार, पाणी टाकायच्या. दोन-दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट ४०० एएच. इन्व्हर्टर नवा. कंट्रोलर मात्र जुनाच ठेवला कारण तो १२ आणि २४ दोन्हीवर चालतो आणि बॅटरी जोडली की स्वतःच ओळखतो. छतावर कोणी चढलंच नाही, पॅनल तर नीट चालत होते ना, मग कशाला हात लावा.

आणि कागदावर हिशोब बसत होता. १०८० वॅटचे पॅनल, दिवसाचे साधारण पाच तास भरपूर ऊन, २५ टक्के इकडंतिकडं वाया गेलं धरलं तरी ४ युनिट हातात. रात्रीचा वापर साधारण ८० एएच म्हणजे २ युनिटच्या आत, तेवढं परत भरायला लेड-ॲसिडमध्ये १५-२० टक्के जास्त द्यावं लागतं, वर दिवसाचा फ्रिज, पंखे, पंप मिळून एक युनिट. फार मोकळीक नाही, पण पुरायला हवं.

तक्रार काय होती

पहिले काही दिवस काहीच जाणवलं नाही. मग पहाटे फ्रिज किंवा पंप सुरू झाला की इन्व्हर्टर लो बॅटरीचा अलार्म द्यायला लागला. गंमत अशी की बॅटरी मॉनिटर (बॅटरी किती भरली ते दाखवणारा मीटर) रोज दुपारी बिनदिक्कत १०० टक्के दाखवायचा, आणि त्याच वेळी कंट्रोलरच्या स्क्रीनवर दिवसभर 'बल्क' लिहिलेलं, म्हणजे तो म्हणतोय अजून भरतोच आहे, पहिला टप्पाही संपलेला नाही. दोन यंत्रं, दोन वेगळी उत्तरं.

घरमालकांच्या मुलीने एक शहाणपणाचं काम केलं होतं, हायड्रोमीटर आणून बॅटरीतल्या सगळ्या सेलची (दोन-दोन व्होल्टच्या कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती जड आहे ते, वहीत लिहायला सुरुवात केली होती (जितकं जड तितकी बॅटरी भरलेली), सोबत तारीख, हवामान आणि दुपारचं व्होल्टेज. त्या बॅटरीच्या माहितीपत्रकात फुल चार्जची ग्रॅव्हिटी १.२६० दिलेली (हा आकडा प्रत्येक बॅटरीचा वेगळा असतो, काही ट्युब्युलर १.२४० लाच फुल असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या बॅटरीचा आकडा उचलू नका) आणि वहीत संध्याकाळचे आकडे १.२१० च्या आसपास. आता हेही खरं की बॅटरीत बुडबुडे येईपर्यंत चार्जिंग झालं नाही तर जड ॲसिड तळाशी बसतं आणि वरून घेतलेलं रीडिंग आहे त्यापेक्षा कमी येतं. पण ते धरूनसुद्धा ही बॅटरी फुलच्या जवळपासही नव्हती.

पहिला संशय बॅटरीवर

साहजिक आहे, बदललं काय तर बॅटरी, मग बिघडलं काय तर बॅटरी. विकणाऱ्याचं म्हणणं, "नवी बॅटरी आहे, थोडे दिवस वापरा, मग खुलेल." घरमालक म्हणत होते की चारही परत द्यायच्या. विकणारा त्यालाही तयार होता म्हणे.

विकणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. नवी लेड-ॲसिड बॅटरी पहिल्या काही डझन सायकलमध्ये (एकदा उतरून परत भरली की एक सायकल) हळूहळू पूर्ण क्षमतेला येते. पण इथे जरा थांबून विचार करायला हवा होता. क्षमता कमी असलेली बॅटरी लवकर भरते! तिचं व्होल्टेज पटकन चढतं, कंट्रोलर पटकन ॲब्झॉर्प्शनला (व्होल्टेज धरून ठेवून हळूहळू भरायचा दुसरा टप्पा) जातो, आणि मग रात्री ती लवकर संपते. इथे उलटं होतं, व्होल्टेज चढतच नव्हतं. त्यामुळे 'खुलेल' हे उत्तर या तक्रारीला लागूच पडत नाही.

एखादा सेल शॉर्ट असेल का, तेही बघितलं. सेल गेला असेल तर त्या बॅटरीचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा साधारण २ व्होल्ट खाली दिसतं. चार्जिंग चालू असताना चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या, सगळ्या १३.५ ते १३.७ च्या मध्ये. लग ढिले आहेत का म्हणून प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजले, सगळे ठीक. पॅरलल जोड्यांची प्लस एका टोकाच्या जोडीवरून आणि मायनस दुसऱ्या टोकाच्या जोडीवरून घेतलेली, तेही बरोबर. जोडणाऱ्याने खालचं काम नीट केलं होतं, हे मान्य करायला हवं.

मोजायचं काय हे ठरवलं

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच. तोपर्यंत सगळे 'बॅटरी खराब आहे का' हा एकच प्रश्न विचारत होते. त्याऐवजी प्रश्न असा घेतला की या क्षणाला करंट अडवतंय कोण? बॅटरी, कंट्रोलर, की पॅनल?

याचं उत्तर तीन आकड्यांत मिळतं, पण ते तिन्ही एकाच वेळी घ्यावे लागतात: कंट्रोलरच्या इनपुटला पॅनलचं व्होल्टेज, बॅटरीच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, आणि कंट्रोलरमधून बाहेर पडणारा करंट. बॅटरीचं व्होल्टेज सेट केलेल्या आकड्याला (इथे २८.८) टेकलंय आणि करंट कमी होतोय, तर बॅटरी स्वतःच 'आता पुरे' म्हणतेय. करंट कंट्रोलरच्या कमाल आकड्याला अडकलाय तर कंट्रोलर अडवतोय. आणि व्होल्टेज सेट आकड्याच्या खाली आहे, तरीही करंट कमी, ऊन डोक्यावर, तर बॅटरी मागतेय आणि वरून मिळत नाहीये.

एका स्वच्छ दिवशी घेतलेले आकडे असे होते. सकाळी नऊला पॅनल ३१.५, बॅटरी २६.२, करंट १७ अँपियर. अकराला पॅनल २९.५, बॅटरी २६.९, करंट २४. दुपारी एकला पॅनल २८.३, बॅटरी २७.२, करंट १८. अडीचला बॅटरी तिथेच, करंट १४. म्हणजे अकरापासून एकपर्यंत ऊन वाढलं आणि करंट घटला. वर त्या १८ मधले आठेक अँपियर घरातच जात होते, बॅटरीच्या वाट्याला दहा.

आणि दुपारी पॅनलचं व्होल्टेज बॅटरीच्या जेमतेम एक व्होल्ट वर. एमपीपीटी कंट्रोलर सहसा पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर ठेवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. इथे त्याला हलायला जागाच उरली नव्हती, तो नुसता आरपार वायरसारखा झाला होता.

मग वही परत उघडली आणि एक गोष्ट एकदम दिसली जी आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. ज्या दिवशी वारा होता, पाऊस पडून गेला होता, हवा गार होती, त्या दिवशी दुपारचं व्होल्टेज जास्त, एकदा तर २८.३. आणि कडक उन्हाचे, वारा पडलेले दिवस सगळ्यात वाईट. मुलीने ते दिवस लिहिताना शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. बॅटरी खराब असती तर तिला वाऱ्याशी काय देणंघेणं?

कारण

६० सेलच्या पॅनलवर मागे जे व्होल्टेज छापलेलं असतं, इथे कमाल पॉवरला ३१ आणि ओपन सर्किट (काहीही न जोडता) ३८, ते सेलचं तापमान २५ अंश असताना. छतावर भर दुपारी सेल ६०-६५ अंशांपर्यंत सहज जातात. दर अंशाला कमाल पॉवरचं व्होल्टेज साधारण ०.४ टक्क्यांनी पडतं, म्हणजे ४० अंश वाढले की १६ टक्के, ३१ चे झाले २६. आणि बॅटरीला पोचायचंय २८.८ ला. वर छतापासून खालपर्यंत १५ मीटर अंतर, १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ३० मीटर, चारही पॅनलचा करंट त्याच वायरमधून, त्यात आणखी एक ते दीड व्होल्ट जातो.

टाकी भरायची तर पाणी येतंय ती पातळी टाकीच्या काठापेक्षा वर पाहिजे, तसंच हे. गरम पॅनलची पातळीच काठाच्या खाली आली होती. करंट एकदम शून्य होत नाही कारण पॅनल २६ च्या वरही थोडं देतं, पण जितकं वर जाल तितकं झपाट्याने कमी. त्यात बऱ्याच एमपीपीटी कंट्रोलरना बंद पडल्यावर परत सुरू व्हायला बॅटरीपेक्षा साधारण ५ व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे गरम दुपारी ढग येऊन गेला की हा कधीकधी बराच वेळ झोपून राहायचा.

१२ व्होल्टच्या काळात लागायचे १४.४, गरम पॅनल द्यायचं २६, त्यामुळे हा दोष कधी दिसलाच नाही. बॅटरी बदलली म्हणून दोष आला असं वाटत होतं, प्रत्यक्षात बॅटरीसोबत व्होल्टेज बदललं आणि पॅनलची जोडणी तशीच राहिली.

मॉनिटरचं १०० टक्केही यातूनच सुटलं. मॉनिटर 'फुल' कधी मानतो तर व्होल्टेज एका ठराविक आकड्याच्या वर आणि करंट एका ठराविक आकड्याच्या खाली काही मिनिटं राहिला की. त्यात सेट होतं २६.४ व्होल्ट आणि ४०० एएचच्या ४ टक्के, म्हणजे १६ अँपियर. दुपारी पॅनल दमलं, बॅटरीत जाणारा करंट दहावर आला, मॉनिटरला वाटलं बॅटरी भरली. उपाशी आहे ते पोट भरलंय असं समजत होता बिचारा.

समोर असलेले पर्याय

बॅटऱ्या परत देणं, हा पर्याय तेव्हाही टेबलावर होता, कारण आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला नव्हता. परत दिल्या असत्या तर नव्या चारचंही हेच झालं असतं.

कोणीतरी फोनवर सुचवलं की ॲब्झॉर्प्शन २८.८ चं ३० करा. जी बॅटरी २७.२ च्या वर जात नाही तिला ३० चं लक्ष्य देऊन काय होणार, आणि गार दिवशी चुकून पोचली तर उगाच पाणी उकळणार.

अजून दोन पॅनल पॅरललमध्ये वाढवायचे, हा पर्याय दिसायला बरा. करंट वाढला असता पण व्होल्टेजचा काठ तिथेच, आणि वायरमधला ड्रॉप आणखी वाढला असता. पैसे घालून अर्धा उपाय.

चौथा पर्याय पॅनल सिरीजमध्ये घेणं. किती? कंट्रोलरची पॅनलकडची मर्यादा १०० व्होल्ट. दोन पॅनलचं ओपन सर्किट ७६, थंडीत सेल शून्य अंशाला गेले तरी साधारण ८२. बसतं. तीन घेतले तर ११४, कंट्रोलर त्या क्षणी मेला असता. हा हिशोब करायच्या आधी वर चढायचं नाही हे मात्र नक्की, कारण जास्त करंट कंट्रोलर सहन करतो, जास्त व्होल्टेज नाही.

आधी जनरेटर का लावला

छताला हात लावण्याआधी एक दिवस जनरेटर आणि ३० अँपियरचा चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरली. यावर घरात वाद झाला, इंधन जाळायचं कशाला, कारण तर कळलंय. पण दोन कामं एकत्र होत होती. लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्जवर राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट होत जातं, त्यामुळे तिला लगेच भरणं गरजेचं होतं. आणि दुसरं, बॅटरी निर्दोष आहे का याचा याहून स्वच्छ पुरावा नाही, पॅनल, कंट्रोलर सगळं बाजूला.

बॅटरी २८.८ ला गेली, तिथे थांबली, करंट हळूहळू ३० वरून ६ वर आला. सगळ्या सेलमध्ये बुडबुडे, ग्रॅव्हिटी १.२५० ते १.२६०, एक सेल सोडून, तो १.२३५. शेवटच्या २० टक्क्यांना अर्धा दिवस गेला, ते तसंच असतं, घाई करून उपयोग नाही.

छतावर काय केलं

लगेच चारही पॅनलची जोडणी बदलली नाही. आधी फक्त दोन पॅनल सिरीजमध्ये जोडले, बाकीचे दोन सोडून दिले, आणि तशीच कडक दुपार येऊ दिली. चार पॅनल पॅरललमध्ये एक वाजता १८ अँपियर देत होते, दोन पॅनल सिरीजमध्ये १३. निम्म्या पॅनलमधून जवळपास पाऊण करंट! आणि बॅटरीचं व्होल्टेज चढलं तरी तो १३ खाली येत नव्हता. हा प्रयोग मला फार आवडतो कारण पटला नाही तर पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत, आणि घरमालकांचा विश्वास खरा इथे बसला.

मग दोन-दोनच्या दोन जोड्या केल्या. जोड्या लावताना बघितलं की दुपारनंतर टाकीची सावली दोन पॅनलवर येते, ते दोन एकाच जोडीत घेतले, नाहीतर दोन्ही जोड्या लंगड्या झाल्या असत्या. पॅनल आणि कंट्रोलरमधला जुना ब्रेकर ६० व्होल्ट डीसीचा होता, तो काढून जास्त व्होल्टेजचा डीसी ब्रेकर घातला. हे विसरायला फार सोपं आहे. एसीचा एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

काम संध्याकाळी, पॅनल झाकून. आधी पॅनलचा ब्रेकर बंद, मग बॅटरी सोडवली, जोडताना उलटं, आधी बॅटरी मग पॅनल. एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरचे) चालू करंटवर कधीही ओढायचे नाहीत. कंट्रोलरला लावायच्या आधी दोन्ही वायरच्या टोकाला मीटर लावून प्लस-मायनस आणि व्होल्टेज तपासलं.

करंट निम्मा झाल्यामुळे त्याच वायरमधला ड्रॉपही निम्मा झाला, हा फुकटचा फायदा.

दुसरा अडथळा

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ३१ अँपियर. सगळे खुश. दुपारी कंट्रोलर प्रथमच 'ॲब्झॉर्प्शन' म्हणाला, पण व्होल्टेज २८.१. आणि तासाभरात फ्लोटला (भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरायचा शेवटचा टप्पा) गेला. ग्रॅव्हिटी परत १.२४० वर अडकली.

इथे परत तोच प्रश्न, कोण अडवतंय? यावेळी कंट्रोलर. सेट तर २८.८ होतं, मग २८.१ कुठून आलं? तापमानाची भरपाई. बॅटरी गरम असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज कमी करायला हवं, साधारण दर सेलला दर अंशाला ४ मिलिव्होल्ट, आणि २४ व्होल्टमध्ये १२ सेल. पण कंट्रोलर तापमान स्वतःच्या पोटातलं मोजत होता, तो लावलेला पत्र्याच्या भिंतीवर, पोटात ४० अंश. २५ च्या वर १५ अंश, गुणिले १२, गुणिले ४, झाले ०.७२ व्होल्ट. बॅटऱ्या मात्र खाली सावलीत २९ अंशांवर, त्यांना फार तर ०.२ कमी करायला हवं होतं.

भरपाई बंद करता आली असती, पण मग थंडीत कमी आणि उन्हाळ्यात जास्त चार्ज होणार. सेटिंग २९.५ करून फसवता आलं असतं, तेही गार दिवशी महागात पडलं असतं. बॅटरीलाच चिकटवायचा सेन्सर आणला, जो टर्मिनलवरचं व्होल्टेजही कंट्रोलरला सांगतो. दुसऱ्या दिवसापासून ॲब्झॉर्प्शन २८.६.

तासाभरात फ्लोटला जायचं कारण वेगळं. हा कंट्रोलर सकाळच्या व्होल्टेजवरून ॲब्झॉर्प्शनची वेळ ठरवतो, जनरेटरने भरल्यावर सकाळचं व्होल्टेज चांगलं दिसत होतं म्हणून त्याने वेळ कापली. ती हाताने चार तास केली. करंट ८ च्या खाली गेला की थांब, हेही सांगितलं, पण कंट्रोलरला बॅटरीत किती गेलं आणि फ्रिजमध्ये किती हे वेगळं कळत नाही, त्यामुळे बऱ्याचदा तो पूर्ण चार तास घेतो. चालतं. मॉनिटरचा 'फुल'चा आकडा २६.४ वरून २८.३, आणि ४ टक्क्यांऐवजी २.

आता काय स्थिती

स्वच्छ दिवशी दुपारी एकच्या आसपास २८.६, चारपर्यंत बॅटरीत जाणारा करंट ७-८ वर उतरतो, मॉनिटर त्याच सुमारास १०० दाखवतो आणि आता हायड्रोमीटर त्याला दुजोरा देतो. पहाटेचा अलार्म बंद झाला.

तो मागे पडलेला सेल इक्वलाइझ करून बघितला, म्हणजे सगळे सेल सारखे यावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेज, ३०.४ व्होल्टवर दोन तास. त्याआधी इन्व्हर्टर किती व्होल्टपर्यंत सहन करतो ते माहितीपत्रकात बघितलं, शेडचं दार-खिडकी उघडी ठेवली कारण बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, आणि प्लेट बुडालेल्या आहेत एवढं बघून डिस्टिल्ड वॉटर नंतर टाकलं. आधी काठोकाठ भरलं की ॲसिड बाहेर येतं. सेल १.२३५ वरून १.२५० ला आला. सीलबंद किंवा जेल बॅटरीला हे करायचं नाही.

सलग ढगाळ दिवस आले की जनरेटर लागतोच, पण आता तो सकाळी लावतात, जास्त करंटचं काम तो करतो आणि पुढचं ॲब्झॉर्प्शनचं रेंगाळणं सूर्यावर सोडतात. इंधन पुष्कळ वाचतं.

पुन्हा करायचं झालं तर

बॅटरीचं व्होल्टेज बदललं त्याच दिवशी गरम पॅनलचं व्होल्टेज काढून बघायला हवं होतं. हिशोब दोन ओळींचा आहे, आणि कंट्रोलर 'आपोआप ओळखतो' हे ऐकून तो राहून गेला. ओळखतो तो बॅटरीला, छतावर काय जोडलंय त्याची जबाबदारी त्याची नाही.

नव्या बॅटऱ्या जोडायच्या आधी एकदा पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी लिहून ठेवायला हवी होती. बॅटरी गोदामात पडून असतानाही दर महिन्याला काही टक्के उतरते, उष्णतेत जास्त. ती पहिली नोंद नसल्यामुळे तो एक सेल कारखान्यातूनच कमजोर आला की अर्धवट चार्जिंगच्या आठवड्यांत मागे पडला, हे आता सांगता येत नाही आणि वॉरंटीवाल्याशी बोलताना नेमकं तेच विचारतील.

जनरेटर आधी की दोन पॅनलचा प्रयोग आधी, यावर मतभेद होऊ शकतो. दोन पॅनलचा प्रयोग फुकट आहे, कारण लवकर सिद्ध झालं असतं. तरी मी जनरेटरच आधी लावेन, कारण बॅटरी जास्त दिवस उपाशी ठेवण्याचं नुकसान भरून निघत नाही.

पॅनल वाढवायचे का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. आणखी दोन घेतले तर तिसरी जोडी होईल, तीन जोड्या पॅरललमध्ये आल्या की प्रत्येकीला वेगळा फ्यूज लावावा लागेल, आणि १६२० वॅट झाले की गार, स्वच्छ दुपारी हा कंट्रोलर ५० अँपियरला अडकणार. ढगाळ दिवसांत मात्र त्याच दोन पॅनलने जनरेटरचे बरेच तास वाचतील. मुलीचं म्हणणं पॅनल घ्यावेत, घरमालक म्हणतात आधी एक पावसाळा या चारवर काढून बघू.